आधी डॉक्टर की आधी आम्ही? एका प्रतिक्रियेला उत्तर

राम राम भाऊ,

मानसिक आजारातून सावरलेल्यांच्या नेतृत्व प्रशिक्षणाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही विचारलंत, "ज्यांच्या गोळ्या अजून चालू आहेत त्यांना पुढारी करून काय साधणार? खान्देशात आधी डॉक्टर आणा. आणि ताण पडून माणूस परत आजारी पडला तर जबाबदार कोण?" धाकट्या भावाचं दुखणं तुम्ही जवळून पाहिलंय, हेही लिहिलंत. म्हणून सविस्तर लिहितो.

डॉक्टरांचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत एकही नाही. धडगावच्या आईने मुलाला घेऊन कुठे जायचं? पण ही मागणी लावून कोण धरणार? एसटीने अर्धा दिवस घालवून 'गोळ्या संपल्या' हे ऐकून जो परत आला, त्याच्याइतकी ती कोणाला कळते?

आता पुढारपणाचं. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्यात जिल्ह्यांसाठी पुनर्विलोकन मंडळं सांगितली आहेत. इच्छेविरुद्ध दाखल केलेल्या माणसाने दाद मागायची ती तिथे. तीस दिवसांच्या पुढे त्याला ठेवायचं तरी मंडळाची परवानगी लागते. मंडळावर सहा जण. न्यायाधीश अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर. उरलेल्या दोन जागा आजार भोगलेल्यांना, त्यांना सांभाळणाऱ्यांना किंवा या क्षेत्रातल्या संस्थांना. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर तर आजारी असलेल्या किंवा होऊन गेलेल्या लोकांच्या प्रतिनिधींसाठी दोन जागा वेगळ्याच आहेत. कायद्याने खुर्ची मांडून ठेवलीय. न्यायाधीशांशेजारी बसून न घाबरता बोलता यावं, कागद वाचता यावा, एवढ्यासाठी हे शिकणं आहे.

मला ते का लागलं, सांगतो. मी अकरा वर्षं लिथियम, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारं औषध, घेतो, ठरल्या वेळी रक्त तपासतो. एका सरकारी बैठकीत मी बोलायला उठलो, तर साहेबांनी माझ्या शेजारी बसलेल्या ताईला विचारलं, "यांचं काय म्हणणं आहे?" मी समोर उभा होतो. माझी जीभ टाळ्याला चिकटली आणि मी खाली बसलो. त्या दिवशी जे सांगायचं राहिलं ते अजून सलतं.

परत आजारी पडण्याची तुमची भीती मात्र खरी आहे, आणि ती मी प्रत्यक्ष पाहिलीय. पारोळ्याकडचा, कापूस पिकवणारा एक जण प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी उभा राहिला आणि सगळंच बोलून गेला. घरच्यांनी गोठ्यात बांधून ठेवलं होतं तेही. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे लाल. "भो, समदं सांगी टाकं, पन रातभर झोप वनी नही." मग प्रशिक्षक ताईंनी त्याच्याकडून कागदावर तीन रकाने पाडून घेतले: कोणालाही सांगेन ते, विश्वासातल्यांनाच सांगेन ते, आणि कोणालाच सांगणार नाही ते. गोठा त्याने तिसऱ्या रकान्यात लिहिला. बराच वेळ कागदाकडे बघत बसला, मग खोडून दुसऱ्यात घेतला. आपली गोष्ट आपल्या ताब्यात कशी ठेवायची, हे त्याला तिथे कळलं. (गोठ्याचं इथे लिहिण्याआधी मी त्याला विचारलंय.)

जबाबदारीचंही तिथेच ठरतं. कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला आगाऊ निर्देश, म्हणजे पुढे आजारी पडलो तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, ते लिहून ठेवता येतात. मी लिहिलेत. लागोपाठ तीन रात्री झोप उडाली तर बैठका बंद आणि डॉक्टरांना फोन. माझं मलाच उमजेनासं झालं तर निर्णयाला मदत माझी ताई करेल, तिला मी नामनिर्देशित प्रतिनिधी केलंय. तुमच्या भावाला असं कधी कोणी विचारलं होतं का, की परत त्रास झाला तर तुला काय हवं, कोण जवळ हवं?

एका ठिकाणी मात्र तुम्ही माझं लक्ष वेधलंत. "फुकटात राबवून घेतील," असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तसं होतं. भाषणाला बोलावतात, शाल देतात, एसटीचं भाडंसुद्धा देत नाहीत. मजुरी बुडवून येणाऱ्याला हे परवडत नाही. पुढच्या बैठकीत मी मानधनाचा विषय मांडणार आहे. तुमची हरकत नसेल तर तुमचं हे वाक्य तिथे वाचून दाखवीन. आणि भावाला यावंसं वाटलं तर दोघंही या, मागच्या बाकावर नुसते बसलात तरी चालेल.