स्कायवेस्टची दोन टार्गेट आणि एक प्रश्न

परवा आमच्या ग्रुपवर एकाने स्कायवेस्टच्या शेअरची दोन ब्रोकरेजची टार्गेट, म्हणजे शेअर पुढे किती भावाला जाईल याचे अंदाज, टाकली. एक चालू भावाच्या खाली, दुसरं बरंच वर. सोबत प्रश्न: "ताई, यातलं खरं कुठलं?" उत्तर लांबलं, म्हणून इथे टाकते.

स्कायवेस्ट ही युटामधल्या सेंट जॉर्जची, १९७२ पासूनची प्रादेशिक विमान कंपनी. अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण तिच्या विमानात बसले असतील, फक्त नाव लक्षात राहिलं नसेल. मी डेन्व्हरहून कॅन्ससमधल्या हेजला जायचे ते ५० सीटचं विमान तिचंच. तिकीट युनायटेडचं, शेपटीवरचा रंग युनायटेडचा, आणि दाराजवळ बारीक अक्षरांत स्कायवेस्ट. चाकांची बॅग वरच्या कप्प्यात मावत नाही. ती दारातच टॅग लावून काढून घेतात आणि उतरल्यावर बोचऱ्या वाऱ्यात उभं राहून ताब्यात घ्यावी लागते.

मुंबईकरांनी बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या गाड्या आठवाव्यात. गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा, मार्ग आणि तिकीट बेस्टचं, पैसे किलोमीटरवर. इथेही बहुतेक उड्डाणांचं तसंच. वेळापत्रक, तिकीटविक्री आणि इंधनाचा खर्च युनायटेड, डेल्टा, अमेरिकन किंवा अलास्काकडे; विमान उडवल्याचे पैसे स्कायवेस्टला. तेल भडकलं तरी या करारांत तिला थेट झळ नाही.

मग दोन विश्लेषकांचं कुठे बिनसतं? एकाला हे पक्कं भाडं दिसतं, म्हणून तो टार्गेट काढताना शेअरमागच्या नफ्याला मोठ्या आकड्याने गुणतो. दुसऱ्याला दिसतं की गिऱ्हाइकं मोजून चार आणि करार कधीतरी संपणारे. समजा शेअरमागे नफा १० डॉलर धरला. ७ ने गुणलं तर टार्गेट ७०, १२ ने गुणलं तर १२०. नफ्यावर एकमत असूनही एवढी तफावत!

पण माझ्या मते खरी मेख पायलटांत आहे. २०१३ पासून अमेरिकेत प्रवासी विमानाच्या को-पायलटलाही साधारणपणे १५०० तासांचा अनुभव लागतो. कोविडनंतर मोठ्या कंपन्यांनी भरती सुरू केली आणि छोट्यांचे पायलट भराभर तिकडे गेले. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने सरकारी अनुदानावर विमानसेवा मिळणारी २९ गावं सोडण्याची नोटीस दिली, त्यात आमचं हेजही होतं. त्या वर्षाच्या शेवटी शेअर २० डॉलरच्या खाली होता. पायलट परत मिळू लागले, आणि दोन वर्षांत तोच १०० च्या वर गेला. विमानं बव्हंशी तीच, गिऱ्हाइकंही तीच.

इथे हिशेबाची एक गोष्ट नीट समजून घ्या. करारातली काही रक्कम दरमहा ठरलेली येते, पण उत्पन्न म्हणून ती दाखवायची विमानं किती तास उडाली त्या प्रमाणात. पायलट नव्हते तेव्हा पैसे हातात आले, पण नफ्यात दिसले नाहीत. त्याला डिफर्ड रेव्हेन्यू म्हणतात. पुढे तास वाढले की तेच जुने पैसे नव्या वर्षाच्या नफ्यात उतरतात. जो नुसता शेअरमागचा नफा बघतो, त्याला टंचाईच्या वर्षी कंपनी आहे त्यापेक्षा दुबळी दिसते आणि नंतर आहे त्यापेक्षा सशक्त. म्हणून मी रोख पैसा मोजणाऱ्याच्या बाजूने आहे, मग त्याचं टार्गेट खालचं असो की वरचं.

जुन्या ५० सीटच्या सीआरजे विमानांवरूनही मतभेद आहेत. त्यांचं उत्पादन बंद झालंय. कुणी त्यांना भंगाराच्या भावात धरतो, कुणी म्हणतो, कर्ज फिटलेलं विमान जितकं उडेल तितकी कमाईच. मला दुसरं पटतं, पण इंजिनांच्या देखभालीचा खर्च वजा करूनच.

तेव्हा तू दोन्ही रिपोर्ट परत उघड. पहिल्या पानावरचं टार्गेट बाजूला ठेव, मागच्या कोष्टकात पुढच्या वर्षीचे ब्लॉक अवर्स (एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचे विमानाचे तास) किती धरलेत आणि डिफर्ड रेव्हेन्यू कुठे टाकलाय ते बघ. दोघांचे आकडे इथे कमेंटमध्ये दे, रविवारी बसून एकेक ओळ लावू.