‘महाग स्टील म्हणजे मजबूत चाकू’ : मोठ्या फोल्डिंग चाकूबद्दलचे पाच चुकीचे दावे

ट्रेकर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मोठा फोल्डिंग चाकू कसा निवडावा याबद्दल काही ठरावीक सल्ले पुन्हा पुन्हा फिरत असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : स्वस्त चाकू कमकुवतच असतो. स्टील जितकं भारी तितका चाकू मजबूत. पातं जितकं जाड तितकं चांगलं. उघडलेलं पातं अडवून धरणारा लॉक दणकट असेल तर मोठा फोल्डिंग चाकू कोयत्याचं काम करतो. आणि पातं नऊ इंचांच्या आत असेल तर भारतात तो कुठेही खुशाल बाळगा. पहिल्या तीन दाव्यांवर विश्वास ठेवलात तर फार तर पैसे वाया जातील. चौथ्यावर ठेवलात तर बोट जाऊ शकतं आणि पाचव्यावर ठेवलात तर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल.

आधी किंमत. फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल हा फोल्डिंग चाकू 1890 पासून बनतोय. बीचच्या लाकडाची मूठ, एक पातं, एक खीळ आणि गळ्याशी फिरणारी पोलादी कडी, एवढाच त्याचा कारभार. ही कडी 1955 साली आली. ती फिरवली की पातं मिटत नाही. दहा नंबरच्या ओपिनेलचं पातं 10 सेंमी असतं, बारा नंबरचं 12. हा जगातल्या सर्वांत स्वस्त चांगल्या चाकूंपैकी एक आहे आणि शेतकरी, गुराखी, मासेमार पिढ्यान् पिढ्या तो वापरत आले आहेत. अमेरिकेतला बक 110 हा दुसरा दाखला. 1964 पासून चालू असलेला, पितळी टोकांचा, पाठीकडून लॉक होणारा हा चाकू तिथे आजही शंभर डॉलरच्या आत मिळतो. आपल्याकडे आयात शुल्क आणि कुरिअर धरून आकडा फुगतो, हे खरं. पण तो फुगलेला भाग मजबुतीचा नाही.

स्वस्तात फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी. पात्यावर नुसतं ‘440’ किंवा ‘सर्जिकल स्टेनलेस’ कोरलेलं असेल तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. 440 या स्टीलमध्ये ए, बी, सी असे प्रकार आहेत आणि त्यांत कार्बनचं प्रमाण बरंच वेगळं आहे. बनवणाऱ्याचं नाव नाही, स्टीलचा नेमका प्रकार नाही आणि पात्यावर मात्र दमास्कस पोलादाची (थर देऊन घडवलेल्या पोलादाची) लाटांसारखी नक्षी नुसती छापलेली, असा चाकू कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता स्टील. ‘मजबूत’ या एका शब्दात या सल्ल्यांनी चार वेगळे गुण कोंबले आहेत : कठीणपणा, चिवटपणा (धक्का बसला तरी न तुटणं), धार टिकणं आणि गंज न धरणं. एक वाढवला की बहुधा दुसरा कमी होतो. महागड्या पोलादांत व्हॅनेडियमसारखे धातू घालून अतिशय कठीण कण तयार केलेले असतात. त्यामुळे पुठ्ठा किंवा दोर कापताना धार खूप टिकते. पण तेच पोलाद आडवा ताण किंवा धक्का बसला तर लवकर टवका उडवतं, आणि बोथट झालं की घरच्या निसण्यावर धार लावताना हात भरून येतात. उलट 14सी28एन हे मध्यम किमतीच्या चाकूंत सर्रास मिळणारं स्वीडिश स्टेनलेस त्या भारी पोलादांपेक्षा कितीतरी चिवट आहे. डी2 सध्या फार लोकप्रिय आहे. सुमारे 1.5 टक्के कार्बन, 12 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, मूळचं डाय म्हणजे कारखान्यातले साचे बनवायचं पोलाद. धार छान टिकते, पण ते पुरतं स्टेनलेस नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाऱ्या हवेत, पावसाळ्यात, न पुसता ठेवलंत तर ठिपके येणारच.

शिवाय पोलादाला पाणी कसं दिलंय यावर निम्मं यश असतं, हे आपल्या लोहाराला विचारलंत तर तोही सांगेल. बक 110 मधलं 420एचसी कागदावर साधं स्टील आहे. उष्णता-प्रक्रियेतले जाणकार पॉल बॉस यांनी बसवून दिलेल्या प्रक्रियेमुळे ते कठीणपणा मोजायच्या रॉकवेल मापावर 58 च्या आसपास जातं आणि त्याच स्टीलच्या ढिसाळ चाकूंपेक्षा सरस ठरतं. स्विस चाकू बनवणारी व्हिक्टोरिनॉक्स कंपनी तर मुद्दाम 56 वर थांबते. पातं मोडण्यापेक्षा थोडं वाकलेलं बरं आणि धार कुणालाही लावता यावी, असा तो हिशेब आहे.

जाडीबद्दल फार लिहायला नको. आठ नंबरच्या ओपिनेलचं पातं दोन मिलिमीटरही जाड नसतं. चार मिलिमीटरच्या ‘टॅक्टिकल’ (लष्करी धाटणीच्या) पात्याने गाजर किंवा लाल भोपळा कापून बघा : पातं कापत नाही, पाचर मारल्यासारखं फोडतं. पाठीच्या जाडीपेक्षा धारेच्या लगेच वर पातं किती पातळ आहे, हे पाहायचं असतं.

आता चौथा दावा. फोल्डिंग चाकूची मजबुती पात्यात नसते, सांध्यात असते. धारेने दाबून कापताना भार पातं आणखी उघडायच्या दिशेने जातो, तो मुठीतल्या थांब्यावर येतो आणि लॉकला फारसं काम पडत नाही. संकट येतं ते भार पात्याच्या पाठीवर आला की. लाकडात रुतलेलं पातं हिसकून काढताना, टोकाने भोसकताना, पाठीवर दांडक्याने ठोकताना पातं मिटायच्या दिशेने ढकललं जातं. तेव्हा मध्ये फक्त लॉक उभा असतो.

थोडा हिशेब करू. पातं 10 सेंमी आहे आणि लॉकचा टेकू खिळीपासून 8 मिमीवर आहे. टोकाशी 10 किलोचा भार पडला तर लॉकवर सव्वाशे किलोचा येतो. पातं 14 सेंमीचं घेतलंत तर तोच भार पावणेदोनशे किलो होतो. म्हणजे चाकू जितका मोठा, तितकी लॉकची परीक्षा अवघड. मोठा म्हणून तो आपोआप दणकट होत नाही. लांबी वाढली की सांधाही त्या मानाने रुंद आणि घट्ट हवा.

लॉक-लॉकमध्ये फरक आहेच, तो नाकारत नाही. कोल्ड स्टील या अमेरिकन कंपनीच्या चाकूंत अँड्र्यू डेम्को यांनी रचलेला ट्राय-अॅड लॉक असतो. साध्या पाठ-लॉकमध्ये मुठीच्या पाठीतली झुलती पट्टी पात्याच्या खाचेत अडकते आणि भार त्या पट्टीच्या बारीक खिळीवर येतो. इथे पातं आणि पट्टी यांच्या मधोमध एक जाड आडवी पिन बसवली आहे, भार तिच्यावर जातो. पट्टीचं छिद्रही किंचित लांबट ठेवलंय, त्यामुळे झीज झाली तरी पट्टी सरकून पुन्हा घट्ट बसते. हा लॉक महागड्या स्टीलशिवाय, एयूएस-8 या साध्या पोलादाच्या पात्यासह वर्षानुवर्षं विकला गेला. मोठा, मजबूत आणि परवडणारा, हे तिन्ही एकत्र हवं असेल तर मी पहिल्यांदा तिकडेच बघायला सांगेन.

तरीही असा चाकू म्हणजे कोयता नाही. लाकूड फोडायचं, कारवी तोडायची, वाट काढायची, तर कोकणात माणूस कमरेच्या आकडीला कोयती अडकवून जातो, कारण तिच्यात मिटणारा सांधाच नाही. डेऱ्यावर चूल पेटवायची असेल तर एक साधी कोयती न्या आणि फोल्डिंग चाकूला भाजी, दोर, बांबूची कामटी एवढंच द्या.

दुकानात हातात घेऊन बघायची सोय असेल तर स्टीलचं नाव वाचण्याआधी हे करा. चाकू पूर्ण उघडा, मूठ एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरून डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. डावी-उजवीकडचा बारीकसा खेळ पुष्कळदा स्क्रू आवळून जातो. वर-खाली खेळ असेल तर लॉक नीट बसत नाही, तो चाकू परत ठेवा. मुठीतली पट्टी बाजूला सरकून पात्यामागे बसते असा लॉक असेल, तर ती पट्टी पात्याच्या बुडाच्या पूर्ण रुंदीवर पलीकडे पोचलेली नको. नवा असतानाच पलीकडे गेली असेल तर झिजायला जागाच उरत नाही. मग बोटं पात्याच्या वाटेतून काढून पाठ एखाद्या लाकडी फळीवर हलकेच टेकवा आणि दाबा. लॉक सुटता कामा नये. ओपिनेल घेत असाल तर एक लक्षात ठेवा : पावसात लाकडी मूठ फुगते आणि पातं आत अडकतं. मुठीचं मागचं टोक दगडावर हलकेच आपटलं की पातं थोडं बाहेर येतं, मग ते ओढता येतं. कोरडं झालं की मूठ पुन्हा जागेवर येते.

शेवटी तो नऊ इंचांचा दावा. हा आकडा शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीतून उचललेला आहे. तिथे 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं एका वर्गात टाकली आहेत आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळली आहेत. सल्ला देणारे रुंदीची अट विसरतात, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे एका वर्गीकरणाला ते देशभराची मुभा समजतात. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 4 प्रमाणे सरकार एखाद्या भागापुरती वेगळी अधिसूचना काढू शकतं. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेत बटण, स्प्रिंग किंवा तशा यंत्रणेने उघडणाऱ्या चाकूंसाठी मर्यादा 7.62 सेंमी लांबी आणि 1.72 सेंमी रुंदी अशी आहे. बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूंचे तिथले किती तरी खटले याच मापांवर लढले गेले. म्हणजे तीन इंच, नऊ नव्हे.

महाराष्ट्रात तर लांबी मोजायच्या आधीच प्रश्न येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) खाली सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात जिल्ह्या-जिल्ह्यांत मनाई आदेश निघतात. वर्तमानपत्रात ती बातमी आपण वाचून सोडून देतो. त्या आदेशांत तलवारी, भाले, दंडे, सुरे, काठ्या यांच्यासोबत ‘शरीरास इजा करण्यासाठी वापरता येतील’ अशा इतर वस्तूही असतात. काठी चालत नाही तिथे चार इंची पातं कसं चालेल? उल्लंघन झालं तर कलम 135 खाली शिक्षा आहे. ‘मी ट्रेकला निघालो होतो’ हे सांगताना सोबत सॅक, दोर, पातेलं दिसलं तर बरं. रात्री शहरात खिशाला क्लिपने लटकवलेल्या चाकूसाठी ते सांगणं फार अवघड जातं.

म्हणून निघण्याआधी त्या जिल्ह्यात मनाई आदेश चालू आहे का ते पाहा आणि असेल तर चाकू घरीच ठेवा. नसेल तेव्हाही तो मिटवून, कापडात गुंडाळून, भांड्यांसोबत सॅकच्या तळाशी न्या. विमानाने जात असाल तर चेक-इनच्या सामानात. केबिनच्या बॅगेत सापडला तर तो सुरक्षा तपासणीत काढून घेतला जाईल.