लघवी चमकली म्हणून मेंदू कळत नाही

मावशीनं काल रात्री फॉरवर्ड पाठवला. "लघवीचा एक नमुना द्या, फ्लुरोसन्स मशीन तुमच्या मेंदूतलं सेरोटोनिन-डोपामिन आकड्यात सांगतं, मशीन चुकत नाही, जिवंत मेंदूतही आता दिसतं, आकडा नॉर्मल आला की डिप्रेशनच्या गोळ्या बंद!" आणि खाली तिचा प्रश्न, मग मी करू का बंद? म्हणून लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही.

फ्लुरोसन्स म्हणजे प्रकाश टाकल्यावर पदार्थानं चमकणं, आणि सेरोटोनिन-डोपामिन ही मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं. आता पहिलं म्हणजे 'मेंदूतलं'. अहो, शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, लघवीतलं बरंचसं डोपामिन किडनीच बनवते, आणि रक्तातून मेंदूत किंवा मेंदूतून रक्तात ही रसायनं अशी सहज ये-जा करत नाहीत, मध्ये पक्का पहारा असतो. आर्विड कार्लसनचं काम बघा, २००० चं नोबेल मिळालेला माणूस. १९५७-५८ मध्ये त्यानं सशांना रिसर्पिन हे मेंदूतलं डोपामिन संपवणारं औषध दिलं, ससे मलूल होऊन पडले, त्यांना उठवायला त्यानं डोपामिन टोचलं नाही, ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो ते एल-डोपा टोचलं, कारण डोपामिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही. आणि मेंदूतलं डोपामिन मोजलं कशानं? फ्लुरोसन्सनंच की! फक्त त्यासाठी ससा मारून मेंदू बाहेर काढून वाटावा लागला. मावशीचा मेंदू कोण वाटणार?

'मशीन चुकत नाही' म्हणे. सेरोटोनिनवर अतिनील प्रकाश टाकला की ते चमकतं हे खरंय, पण ज्यापासून सेरोटोनिन बनतं ते ट्रिप्टोफॅनही जवळपास तसंच चमकतं, लघवीतलं बी-टू व्हिटॅमिनसुद्धा चमकतं, आणि मशीनला चमक दिसते, चमकणाऱ्याचं नाव दिसत नाही. म्हणून आधी एचपीएलसीसारख्या लॅबमधल्या पद्धतीनं सगळं वेगळं करून घेतात.

बरं, एक गोष्ट मान्य करतो. किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीची एक विशिष्ट गाठ पकडायला लघवीतले मेटानेफ्रिन, म्हणजे त्या ग्रंथीच्या हार्मोनपासून बनणारे पदार्थ, खरंच मोजतात. पण ती टेस्ट गाठ शोधायची, मूड मोजायची नव्हे.

'जिवंत मेंदूतही आता दिसतं', हे उंदरांबद्दल आहे. त्यांच्या मेंदूत चमकणारं सेन्सर प्रोटीन बसवतात, तेही प्रामुख्यानं चढउतार दाखवतं.

आणि 'नॉर्मल आकडा'? डिप्रेशन ठरवायला असा आकडाच नाहीये, डॉक्टर बोलून, लक्षणं बघून ठरवतात. गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, झोप उडणं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, आजार उलटणं, काहीही होऊ शकतं, डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. तो फॉरवर्ड लिहिणाऱ्याचं काय जातंय!

सकाळी फोन केला, गोळी घेतलीस का? म्हणाली, "घेतली रे." आणि तो मेसेज? तो तिनं रात्रीच तीन ग्रुपवर टाकलाय.