ठाण्यात पृथ्वी हार्डडिस्कला किती ढकलते?

नौपाड्यात माझ्या दुकानासमोरच्या कठड्यावर रात्री साडेनऊनंतर आम्ही चौघं बसतो. शटर अर्धं खाली, आतला एक दिवा चालू. परवा पक्या आला तो मेलेली डिस्क हातात घेऊनच. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या डीव्हीआरमधली, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डब्यातली.

"दोन वर्षांत तिसरी," तो म्हणाला. "आणि तिन्ही डिस्क उभ्या लावलेल्या. माझ्या आडव्या ठेवलेल्या डिस्क पाच-पाच वर्षं चालतात. मला वाटतं, हे पृथ्वीच्या फिरण्यामुळे होतंय."

पक्या पंधरा वर्षं सीसीटीव्ही लावतोय. तो उगाच बोलणारा नाही. त्याचं म्हणणं असं की चालू डिस्कच्या आत तबकडी गरगर फिरत असते, म्हणजे ती भोवराच, आणि फिरत्या भोवऱ्याचा आस वळवायला गेलं की तो अडतो. पृथ्वी तर त्याला दिवसरात्र वळवतेय. मग बेअरिंग झिजणारच.

संद्या ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. त्याने एका शब्दात निकाल लावला. "शून्य. आमच्याकडे हजारो डिस्क आहेत, कोणी दिशा बघून लावत नाही."

"शून्य नाही," सर म्हणाले. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आता निवृत्त आहेत. "पृथ्वी भोवऱ्याला वळवते हे पक्याचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. बेअरिंग झिजण्याच्या दुसऱ्या म्हणण्याचा हिशोब करायला हवा."

मला सरांची ही सवय फार आवडते. 'परिणाम नाही' आणि 'परिणाम आहे, पण एवढासा' ही दोन उत्तरं वेगळी आहेत. दुसरं देणाऱ्याला तो एवढासा म्हणजे किती, ते सांगावं लागतं.

सरांनी सुरुवात फुको या फ्रेंच शास्त्रज्ञापासून केली. १८५१ साली त्याने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये लांब तारेला गोळा टांगून पृथ्वीचं फिरणं लोकांना डोळ्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी तेच दाखवायला त्याने एक फिरतं चाक बनवलं आणि त्याला जायरोस्कोप हे नाव दिलं. "न्हावाशेव्याला लागणाऱ्या मोठ्या जहाजांवर जायरोकंपास असतो. त्यातलं चाक पृथ्वीच्या याच ढकलीवर उत्तर दिशा शोधतं. चुंबक लागत नाही. तेव्हा ढकल खरी आहे, संदेश."

संद्या गप्प झाला, पण पटलेलं नव्हतं. पक्याला जोर चढला. "आणि वेग बघा ना सर! ठाण्यात आपण ताशी दीड हजार किलोमीटरच्या वर पळतोय!"

"तो वेग सोड. एकसारखा वेग डिस्कला कळत नाही. तिला कळतं ते वळणं. पृथ्वी वळते तासाला १५ अंश. घड्याळाचा तासकाटा तिच्या दुप्पट वेगाने वळतो."

मग सर सांगत गेले आणि संद्या फोनवर आकडे मारत गेला. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. साडेतीन इंची डिस्कमधली तबकडी ९५ मिलिमीटर व्यासाची. तिचं वजन सरांनी अंदाजे २५ ग्रॅम धरलं. त्यातून निघालेलं उत्तर न्यूटन-मीटरमध्ये होतं, ते आम्हाला कोणालाच कळेना. सरांनी ते फोडून सांगितलं: तबकडीच्या कडेवर साडेतीन मिलिग्रॅम वजन ठेवल्यावर ती जेवढी कलायला बघेल, तेवढी पृथ्वीची ढकल. साडेतीन मिलिग्रॅम म्हणजे फोडणीतल्या मोहरीचा एखाद-दुसरा दाणा.

"बघ, शून्यच!" संद्या.

"मोहरीला शून्य म्हणतोस?" पक्या.

इथे मी उठलो. भंगारात एक जुनी साडेतीन इंची डिस्क होती, डेटा नसलेली पण फिरणारी. आतून वायर ओढली, अॅडॉप्टर लावला. डिस्कने आधी बारीक शीळ घातली, मग एकसुरी गुणगुण सुरू झाली. ती पक्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, मनगट वळव.

त्याने वळवलं आणि चेहराच बदलला. डिस्क त्याने नेली तिकडे गेली नाही, आडवी सरकू पाहत होती, जिवंत काहीतरी हातात असल्यासारखी. मग प्रत्येकाने हातात धरून बघितली. संद्याने तर तीनदा. इतकी वर्षं डिस्कमध्ये काम करून चालू डिस्क त्याने कधी हातात धरलीच नव्हती.

"आत्ता हाताला जे लागलं," सर म्हणाले, "ते अर्ध्या सेकंदात पाव फेरा वळवल्यामुळे. पृथ्वी देते ते याच्या चाळीस हजाराव्या भागाहूनही कमी."

हा आकडा मला मोहरीपेक्षा जास्त भावला. यात डिस्क कुठली, तबकड्या किती, फेरे किती, काही बघावं लागत नाही. वळवण्याचा वेग तेवढा बघायचा. बॅगेत चालू लॅपटॉप उभा ठेवून वाशी लोकलने गेलात तर ट्रॅकच्या वळणावर त्याच्या डिस्कला पृथ्वीच्या शेकडो पट ढकल बसते. रिक्षाच्या वळणाला तर त्याहून जास्त.

पक्या मागे हटला नाही, आणि मला ते बरं वाटलं. "मोहरी तर मोहरी. पण पाच वर्षं एकाच बाजूने, एक क्षण न थांबता. थेंबे थेंबे तळे साचे."

साचायला काहीतरी झिजावं तर लागतं, असं मी म्हटलं. जुन्या डिस्कमध्ये बॉल बेअरिंग असायची, छर्रे घासायचे, म्हातारपणी डिस्क किरकिरायच्या. आता तिथे तेलाचा पातळ थर असतो आणि फिरताना धातूला धातू लागतच नाही. त्या थरावर अख्ख्या तबकडीचं वजन असतं, साडेतीन मिलिग्रॅमच्या सात हजार पट. डिस्क उभी केली काय, आडवी केली काय, ते वजन तो पेलतो. म्हणून तर कंपन्या दोन्ही तऱ्हांनी लावायची मुभा देतात. आणि हेडचं, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाचं म्हणाल, तर तबकडीवर जागोजागी चुंबकी खुणा लिहिलेल्या असतात. त्या वाचत हेड सेकंदाला हजारो वेळा आपली जागा सुधारून घेतं. कायम एकाच बाजूची बारीक ओढ असली तर ती त्या सुधारणेत मुरून जाते.

तरी उभ्या-आडव्याचा प्रश्न उरलाच होता. सरांनी विचारलं, "डीव्हीआर कुठल्या भिंतीला होता?"

"वॉचमनच्या केबिनमध्ये. उत्तरेच्या भिंतीला चिकटवून उभा."

"म्हणजे डिस्कचा आस उत्तर-दक्षिण. ठाणं १९ अंश अक्षांशावर, तेव्हा पृथ्वीचा आस इथे क्षितिजाच्या १९ अंश वर, ध्रुवताऱ्याकडे. दोन आसांत फक्त १९ अंशांचा फरक. अशा डिस्कला पूर्ण ढकलीच्या एक तृतीयांशच लागते. तुझ्या आडव्या डिस्कना ९४ टक्के."

पक्याने मनात जुळवून बघितलं, मग हातातल्या मेलेल्या डिस्ककडे. ज्या मेल्या त्यांना पृथ्वीची ढकल कमी होती आणि ज्या जगल्या त्यांना जवळजवळ तिप्पट. त्याच्या कल्पनेला त्याच्याच डिस्कनी उलटं उत्तर दिलं होतं. वाद इथे मिटला, निदान पृथ्वीपुरता.

"मग मेल्या कशाने?"

आता प्रश्न माझ्या कामाचा झाला. केबिनला छप्पर कशाचं? पत्र्याचं. मे महिन्यात डीव्हीआरला हात लावून बघितलास? टेकवत नाही. आणि उत्तरेच्या भिंतीच्या पलीकडे काय? पक्या क्षणभर थांबला. "गेट. सरकतं लोखंडी गेट. त्याच भिंतीवर येऊन आपटतं."

आम्ही सगळेच गप्प. ते गेट दिवसातून किती वेळा आपटत असेल! चालू डिस्कचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं, आणि आपला केस साठ-सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो. संद्याने २०१६ सालची गोष्ट सांगितली. बुखारेस्टमध्ये एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या गॅसची चाचणी घेतली. आग नव्हती, पाणी नव्हतं, पण गॅस सुटतानाच्या नुसत्या आवाजाने डिस्क बिघडल्या आणि बँकेचे व्यवहार कित्येक तास ठप्प झाले.

जागेचा परिणाम होत नाही असं कोणी म्हणू नये. तो होतो, पण वेगळ्या वाटेने. हेड तरंगतं ते हवेवर. हवा विरळ झाली की ते खाली येतं, म्हणून साध्या डिस्कना साधारण ३००० मीटर उंचीची मर्यादा असते. लेह ३५०० मीटरवर आहे. तिथे चालू डिस्कची काळजी करावी, हेलियम भरून सीलबंद केलेली असेल तर गोष्ट निराळी. ठाण्यात काळजी करावी ती पत्र्याची आणि गेटची.

माझ्याकडे बाबांच्या आवाजातली रामरक्षा होती. एका संध्याकाळी देवासमोर बसून त्यांनी म्हटलेली, मधे दोनदा खोकलेले. ती एकाच एक्स्टर्नल डिस्कवर होती. एकदा कॉपी चालू असतानाच मी ती डिस्क टेबलावरून उचलून फळीवर ठेवली आणि ठेवताना कड लागली. टक् एवढाच आवाज. मग टिकटिक, टिकटिक. उघडली तेव्हा आरशासारख्या तबकडीवर एक करडं वर्तुळ उमटलं होतं आणि कडेला राखेसारखी भुकटी. ती भुकटी म्हणजेच बाबांचा आवाज. दुकानात कोणी मेलेली डिस्क घेऊन येतं आणि 'आमचं नशीबच' म्हणतं, तेव्हा मला राहवत नाही. मी तबकडी दाखवतो, ओरखडा दाखवतो. एक लाखाहून जास्त डिस्क तपासून गुगलच्या लोकांनी २००७ साली लिहिलं होतं की पहिली स्कॅन एरर, म्हणजे डिस्कला स्वतःची तबकडी तपासताना सापडलेली चूक, दिसल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क मरायची शक्यता ३९ पट होते. डिस्क बऱ्याचदा आधी सांगते. ते ऐकून त्याच रात्री कॉपी काढली पाहिजे.

हे सगळं बोलून झालं तोवर सव्वाअकरा झाले होते. भंगारातली डिस्क अजून गुणगुणत होती. सरांनी ती उचलली, कडेवर उभी केली, हळूहळू वळवत उत्तरेकडे तोंड करून किंचित वर उचलली. "असं. आता पृथ्वी हिला अजिबात ढकलत नाहीये."

पक्या तोवर सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावत होता. "काका, उशीर झाला, माफ करा. केबिनमधला डीव्हीआर उद्या सकाळी मी ऑफिसात हलवतोय. हो, बंद करूनच. आणि गेटला रबर बसवायचंय."