एक कूलर, चार इंजिनिअर

नागपुरात पारा 45 अंशांना टेकलेला असताना चार जणांनी एकत्र बसून अंतिम वर्षाचा प्रकल्प पूर्ण करावा, ही कल्पना ज्या कोणाला प्रथम सुचली, तो त्या वेळी नक्कीच चिखलदऱ्याला असणार. आमचा गट हजेरीपटाच्या क्रमाने जुळवलेला होता. म्हणजे आम्हा चौघांत समान असे काही असलेच, तर ते आडनावाचे पहिले अक्षर. यादीत सर्वांत वर असल्यामुळे मी गटप्रमुख झालो. विषय मात्र एकमताने ठरला. बाष्पीभवनावर चालणारा डेझर्ट कूलर कोरड्या हवेतच खरा गारवा देतो आणि हवा दमट झाली की नुसती चिकचिक वाढवतो. म्हणून आर्द्रता 70 टक्क्यांवर गेली की पंप आपोआप थांबावा आणि पंखा तेवढा चालू राहावा, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा होती. ते आमचे शेवटचे एकमत.

कूलर सुरू केला की पाच मिनिटांत पंप बंद पडे. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मते जोडणी चुकली होती, तर जोडणी करणाऱ्याच्या मते प्रोग्राम. तिसऱ्या दिवसापासून दोघांनी अबोला धरला आणि एकाच बाकावर बसून ते माझ्यामार्फत भांडू लागले. मी निरोपांतील शिव्या गाळून उरलेला मजकूर पोचवत असे. त्यामुळे समोरचा नरमला असे दोघांनाही वाटे आणि दोघेही अधिकच चढत. मार्गदर्शक सरांनी मात्र धीर दिला. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये गटाच्या वाटचालीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत, पैकी दुसरी भांडणाचीच असते, तेव्हा सगळे रीतसर चालले आहे, असे ते म्हणाले. सादरीकरणाला अकरा दिवस उरले होते आणि आमची दुसरी अवस्था चांगलीच बाळसे धरत होती.

चौथा कधी येतच नसे. फोन केला की, "रस्त्यातच आहो ना बे," एवढे बोलून तो संध्याकाळ उलटवी. त्याच्याविषयी आम्हा तिघांचे मत तंतोतंत जुळत असे, किंबहुना त्याला नावे ठेवणे हाच आमच्या गटाचा डिंक होता. अखेर त्याचे नाव अहवालातून वगळावे असा ठराव तर्री पोह्यांच्या गाडीवर संमत करून, तो कळवण्यासाठी आम्ही महाल भागात गेलो. तो काकांच्या कूलरच्या दुकानात अंगभर गवताचा भुसा घेऊन ताट्या, म्हणजे कूलरमध्ये पाण्याने ओल्या राहणाऱ्या गवती जाळ्या, भरत बसला होता. उन्हाळ्याच्या सगळ्या संध्याकाळी तो तिथेच असे, आणि आम्ही कूलरवर प्रकल्प करणाऱ्यांनी त्याला कधी काही विचारले नव्हते.

ठराव माझ्या खिशातच राहिला. त्याने हात न थांबवता आमची कैफियत ऐकली.

"सेन्सर कुठं लावला बे?"

"ताटीला लागून."

"अन् खिडकी?"

"बंद."

"मंग? ओल्या ताटीजवळची हवा कोरडी राहीन का? सेन्सर दूर न्या, खिडकी उघडा."

प्रोग्राम बरोबर होता, जोडणीही बरोबर होती. आपण खरे ठरल्याचा दोघांचा आनंद, दुसराही खरा ठरल्यामुळे पार मातीमोल झाला. चौथ्याने पंपाच्या रिकाम्या खोक्यावर कोणी काय आणि कधीपर्यंत करायचे ते लिहून दिले, बैठकही रोज त्याच्याच दुकानात ठरली, आणि पहिल्यांदाच मला निरोप पोचवण्याचे काम उरले नाही.

सादरीकरणाच्या दुपारी बाहेरून आलेले परीक्षक खुर्ची ओढून कूलरसमोर बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरू लागले. तेवढ्यात पंप बंद पडला. "हे कोणाचे काम?" त्यांनी विचारले. जोडणीवाल्याने प्रोग्रामवाल्याकडे, प्रोग्रामवाल्याने जोडणीवाल्याकडे आणि मी, जुन्या सवयीने, चौथ्याकडे बोट दाखवले. चौथा उघड्या खिडकीतून बाहेर पाहत होता.

"अवकाळी पाऊस येऊन राहिला, सर," तो म्हणाला. "हवा दमट झाली. पंप बरोबर थांबला."