भावाचं डायलिसिस आणि माझा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस उत्तर द्यायचं धाडस झालं नाही. गरीब देशांनी आरोग्यावरच्या प्रत्येक रुपयाचं चीज होतंय का ते मोजावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "माझा भाऊ आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. तुमच्या हिशेबात तो बसत नाही. सरकारने आधीच हात आखडता घेतलाय, त्याला तुम्ही आयतं निमित्त देताय."

तुमचा राग रास्त आहे. असे हिशेब भयंकर चुकलेही आहेत. २००० सालाच्या सुमारास एड्सच्या तीन औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. तेव्हा जाणकार मंडळी सांगत होती की आफ्रिकेत तेवढ्याच पैशात प्रतिबंधावर भर दिला तर कितीतरी पट जीव वाचतील, उपचारांचं नंतर बघू. बेरीज-वजाबाकी चोख होती. पण औषधाची किंमत त्यांनी पावसापाण्यासारखी धरली, जणू ती माणसांच्या हातात नाहीच. फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबई सेंट्रलच्या सिप्लाने तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, म्हणजे दिवसाला एक डॉलरही नाही. सगळं गणितच पालटलं. किती जीव वाचतील हे विचारताना ही किंमत कोणी ठरवली, हेही विचारायला हवं होतं. माझ्या लेखातही मी ते विचारलं नाही. ती चूक माझी.

पण म्हणून मोजूच नये, हे मला पटत नाही. का, ते सांगते.

माझ्या वडिलांना रक्तदाबाचा त्रास होता. घराजवळच्या एका सरकारी दवाखान्यात त्यांना अम्लोडिपिन मिळायची. जेनेरिकमध्ये दिवसाला रुपयाच्या आसपास पडणारी ही गोळी. एका वर्षी ती येईनाशी झाली. खिडकीतून केसपेपर परत यायचा, त्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं असायचं, "बाहेरून घ्या". केमिस्टकडे त्यांना जी कंपनी लिहून दिली होती, तिची गोळी कितीतरी महाग. बाबांनी आम्हाला काही सांगितलं नाही. त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला, आणि मग त्यांच्या उशाखाली आम्हाला गोळ्यांची पाकिटं सापडली. प्रत्येक गोळीमागे बारीक अक्षरात वार लिहिला होता. सोम, बुध, शुक्र. मंगळवार कुठेच नव्हता.

ज्या मोठ्या रुग्णालयात त्यांना नेलं, तिथे तपासणीचं नवं यंत्र होतं. उद्घाटन झालेलं, पण त्यावरचं प्लास्टिक तसंच. चालवायला तंत्रज्ञ नव्हता, म्हणून आम्हाला बाहेरच्या सेंटरची चिठ्ठी मिळाली. यंत्राला पैसे होते, गोळीला नव्हते. हाही हिशेबच ना, ताई? फक्त तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून कोणाला जाब विचारता आला नाही. शेवटी तो बाबांनी मनातल्या मनात केला.

तुमच्या भावाचा आजार कशाने सुरू झाला हे मला माहीत नाही, आणि तो विचारायचा हक्कही नाही. पण रक्तदाब आणि मधुमेह आवरला नाही की मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डायलिसिसच्या रांगेतली कितीतरी माणसं त्या गोळीच्या खिडकीवरून परत गेलेली असतात.

मोजल्यामुळे गरिबाच्या पदरात काही पडतं का? पडतं. परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांना थोडं प्रशिक्षण दिलं. त्या गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरमधलंच सौम्य आम्ल कापसाने लावायच्या आणि मिनिटभर थांबायच्या. संशयास्पद भाग पांढरा पडतो आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ना प्रयोगशाळा, ना रिपोर्टसाठी हेलपाटे. ज्या गटात दर दोन वर्षांनी ही तपासणी झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाले. तुलनेच्या गटातल्या बायकांना इतकी वर्षं फक्त माहिती दिली आणि तपासणी दिली नाही, यावर कडक टीका झाली. ती मला मान्य आहे. पण ज्या बायकांपर्यंत महागडी चाचणी कधी पोचलीच नसती, त्यांच्यासाठी काय करता येतं ते मोजल्यामुळेच कळलं.

आता डायलिसिस. थायलंडने २००२ मध्ये सगळ्यांसाठी आरोग्य योजना आणली, तेव्हा त्यात डायलिसिस नव्हतं. त्यांच्या संशोधकांनी हिशेब मांडला आणि उत्तर आलं की मिळणाऱ्या आयुष्याच्या मानाने हा खर्च फार जास्त आहे. रुग्णांच्या संघटना भांडल्या. घरं कर्जात बुडत होती. सरकारने तो हिशेब समोर ठेवूनच २००८ मध्ये डायलिसिस योजनेत घेतलं, कारण घर बुडण्यापासून वाचवणं हेही आरोग्य योजनेचं काम आहे असं ठरलं. मात्र आधी पोटातून करायचं डायलिसिस दिलं, म्हणजे पोटात नळीने द्रव भरून रक्त साफ करायचं. ते घरीच करता येतं, यंत्रं आणि नर्स कमी लागतात, खेड्यातल्या माणसाला शहर गाठावं लागत नाही. द्रवाच्या पिशव्या घरपोच जायच्या. पुढे २०२२ मध्ये पद्धत निवडायची मुभाही रुग्णांना दिली. तुमचा भाऊ तिथे हिशेबात बसला, ताई. त्याच्यासाठी लोक भांडले म्हणून बसला, आणि आकडे उघड्यावर होते म्हणून नेमकं कशासाठी भांडायचं ते लोकांना कळलं.

निमित्ताचं म्हणाल, तर सरकारला ते माझ्याकडून घ्यायची गरज नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचं वचन होतं. ते पाळलं गेलं नाही. पैसा वाढलाच पाहिजे, आणि ही ओळ माझ्या लेखात पहिल्या परिच्छेदात हवी होती. आज ती तिथे घातली आहे. औषधांच्या किमतीचा भागही जोडते आहे.

एक विचारू का? डायलिसिसच्या दिवशी भावाचा येण्याजाण्याचा खर्च किती होतो, आणि सोबत येणाऱ्याची दिवसाची मजुरी किती बुडते? सरकारी खर्चाच्या आकड्यांत हे पैसे धरलेले नसतात. तुमची हरकत नसेल तर, नाव न देता, ते मला लेखात लिहायचे आहेत.