उजव्या बाजूचं इंजिन

मुंबईकराला दोन प्रश्न विचारून बघा. पगार किती, आणि पुढचं स्टेशन कुठल्या बाजूला येणार? पहिल्याचं उत्तर तो मरेपर्यंत देत नाही आणि दुसऱ्याचं झोपेतही देतो. विक्रोळीहून लोकल पकडायला लागून मला २३ वर्षं झाली. कुर्ला कुठल्या अंगाला, दादर कुठल्या, आणि दारात नेमकं कुठे उभं राहिलं की घाटकोपरला आपली इच्छा नसताना उतरावं लागत नाही, हा माझा अभ्यास पक्का आहे. अशा माणसाने घरात मॉडेल रेल्वे बांधावी आणि इंजिनाची बघण्यासारखी एकुलती एक बाजू भिंतीकडे यावी, याला काय म्हणायचं?

आई ‘भोग’ म्हणाली. बायको काहीच म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

इंजिनाचं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्या अंगकाठीमुळे झालं. त्याचं नाव ‘शे’. मिशिगनमध्ये इफ्रेम शे नावाचा एक लाकूडवाला होता, त्याने १८८१ साली याचं पेटंट घेतलं. जंगलातून ओंडके गिरणीपर्यंत आणायचे तर रूळ कसेबसे अंथरलेले, चढ अंगावर येणारे, वळणं कंबर मोडणारी. नेहमीचं, दांड्यांनी चाकं ढकलणारं इंजिन तिथे एक तर जागच्या जागी चाकं फिरवतं, नाहीतर रूळ उचकटतं. शेने काय केलं, तर सिलिंडर उभे करून सगळे उजव्या बाजूला टांगले. त्यांच्याखाली पुढून मागपर्यंत एक लांब शाफ्ट नेला आणि गिअर लावून एकूण एक चाक कामाला जुंपलं. उजवी बाजू जड झाली, म्हणून बॉयलर डावीकडे सरकवला. समोरून बघाल तर एकाच हातात भाजीच्या चार पिशव्या घेऊन चाललेल्या माणसासारखं दिसतं.

पण उजवीकडून बघा! शिलाई मशीन, पिठाची गिरणी आणि भिंतीवरचं घड्याळ एकाच वेळी सुरू झाल्यासारखं. शाफ्ट गरगरतोय, गिअर एकमेकांत दात खुपसतायत, आवाज असा की आता डेक्कन क्वीनला मागे टाकणार, आणि प्रत्यक्षात गाडी पायी चालणाऱ्याच्या जेमतेम पुढे. ओहायोतल्या लिमाच्या कारखान्याने १९४५पर्यंत अशी पावणेतीन हजारांच्या आसपास इंजिनं बनवली. आणि डावीकडून बघाल, तर पाण्याचं आडवं पिंप. बस.

‘माथेरान का नाही केलंत?’ हा प्रश्न प्रत्येक पाहुणा चहाच्या पहिल्या घोटाला विचारतो. माझं पहिलं प्रेम तेच आहे हो. १९०७ सालची दोन फुटी लाइन, नेरळहून विसाला एक चढ, लहानपणी खिडकीतून हात काढून झुडपांची पानं ओरबाडलेली. पण तिची जुनी जर्मन इंजिनं दांड्यांवर चालायची, गिअर नाहीत. शिवाय मुंबईतला प्रत्येक माणूस माथेरानला चारदा जाऊन आलेला असतो. मी एक झाड इकडचं तिकडे केलं असतं, तर आत्याच्या जावेनेसुद्धा चूक काढली असती. मिशिगनच्या जंगलात आमचं कोणी गेलेलं नाही. तिथे मी म्हणेन ते झाड.

तर हॉलच्या उत्तरेकडच्या भिंतीला, दिवाणाच्या वर, सात फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी. प्रमाण १:४८. रूळ १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे खऱ्या जगात साधारण अडीच फुटी नॅरोगेज. नागदेवीहून स्क्रू, लॅमिंग्टन रोडहून ट्रान्सफॉर्मर. इंजिन परदेशातून आलं. त्याची किंमत घरात सांगितली आहे तीच इथेही सांगतो: सेलमध्ये मिळालं.

डोंगर करायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. दिवाळीत किल्ले केलेल्या हाताला पोती, माती आणि अंदाज एवढंच लागतं. इथे पोत्याऐवजी जाळी आणि मातीऐवजी प्लास्टर. जंगलातल्या जमिनीसाठी चहाचा चोथा वाळवून पसरायचा, ही युक्ती जगभरचे मॉडेलवाले वापरतात. ते जुलैमध्ये विक्रोळीत राहत नाहीत. माझा चोथा गॅलरीत नऊ दिवस वाळत होता आणि दहाव्या दिवशी त्याला पांढरी बुरशी आली. दोन दिवस मी ती बर्फ म्हणून खपवली. मग वास आला. प्लायवूडने पाणी पिऊन मधोमध पोट काढलं ते वेगळंच. आराखड्यात नसलेला एक चढ मला तिथे फुकट मिळाला.

फळीचं उजवं टोक बरोबर देव्हाऱ्याखाली येतं. म्हणून लाकडाची गिरणी उजवीकडे आणि डोंगर डावीकडे, खिडकीशी. गाडी गिरणीतून निघून डावीकडे चढत जाते, टोकाला थांबते, सांधा बदलतो, आणि मग उलट्या पावली आणखी चढत डोंगराच्या खांद्यावर ओंडक्यांच्या तळापाशी पोचते. खंडाळ्याच्या घाटात १९२९पर्यंत गाड्या अशाच दिशा बदलत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात कॅसच्या लाकडाच्या लाइनवर असे दोन टप्पे अजून आहेत.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात इंजिन रुळावर ठेवलं. तोंड चढाकडे, म्हणजे डावीकडे. बटण फिरवलं. इंजिन निघालं. आम्ही तिघं दिवाणावर गुडघे टेकून बघत होतो. समोरून एक आडवं पिंप शांतपणे गेलं.

‘छान आहे,’ आई म्हणाली. ‘टँकर आहे का?’

गिअर भिंतीला दिसत होते. भिंत बघत होती.

‘मग फिरवून ठेवा,’ बायको म्हणाली. इतकं सोपं असतं तर! शहाणं इंजिन चढाला नाक लावूनच चढतं. फायरबॉक्स, म्हणजे बॉयलरची भट्टी, मागच्या टोकाला असतो आणि त्याचं छत कायम पाण्याखाली राहावं लागतं. नाक वर असलं की बॉयलरमधलं पाणी मागे गोळा होतं, छत बुडालेलं राहतं. उलटं चढवलं तर पाणी नाकाकडे पळतं, छत उघडं पडतं, तापून मऊ होतं आणि बॉयलर फुटतो. हे मी हातवारे करून, रात्रीच्या जेवणात, आमटीची वाटी तिरकी धरून समजावलं. आमटी सांडली, मुद्दा पोचला.

‘पण ह्यात पाणी असतं कुठे?’ आईने विचारलं.

‘नसतं. आत मोटर आहे.’

‘मग फुटणार काय?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण तत्त्व होतं. क्लायमॅक्स किंवा हाइस्लर जातीचं इंजिन घेतलं असतं, तर हा प्रश्नच नव्हता. त्यांचा शाफ्ट मधून जातो, दोन्ही बाजू सारख्या. पण गिअर उघड्यावर असतात म्हणून तर शेवर जीव जडला होता!

पहिला उपाय म्हणून क्रॉफर्ड मार्केटजवळून सात फुटी आरसा आणून भिंतीला लावला. गिअर दिसले, खरंच दिसले. त्यांच्यामागे झाडांच्या वर माझा चेहराही दिसला. नऊ इंची चेहरा १:४८च्या हिशेबाने ३६ फुटी होतो. पाइनच्या रानातून चष्मा लावलेला ३६ फुटी राक्षस एका बिचाऱ्या इंजिनाकडे लोभाने बघतोय, असं ते दृश्य होतं. आरसा आता बायकोच्या कपाटाला आहे. या प्रकल्पातली एवढी एकच गोष्ट तिने मनापासून स्वीकारली.

दुसरा उपाय डोंगर उजवीकडे हलवायचा. म्हणजे देव्हारा हलवायचा. हे वाक्य मी घरात नुसतं अर्धं उच्चारलं. आईने जपमाळ खाली ठेवली.

‘ईशान्य कोपरा आहे तो,’ ती म्हणाली. ‘तुझे बाबा ही खोली घ्यायला आले तेव्हा त्यांनी आधी तो कोपरा बघितला आणि मग नळाला पाणी येतं का ते बघितलं. कुठे नेऊ देव? फ्रिजवर?’

फ्रिजवर हे माझ्या कागदावर लिहिलेलं होतं, पण तो कागद मी तसाच खिशात ठेवला. वरच्या मजल्यावरच्या काकांनी नकाशा बघून दिशा बरोबर असल्याचं सांगितलं आणि फळीची दुरुस्ती करताना ड्रिलिंग दुपारी दोन ते चारमध्ये नको, असंही सांगितलं. सप्टेंबर असाच गेला. मी रोज रात्री येऊन ते पिंप पुढे-मागे चालवायचो. सात फूट जायला पाऊण मिनिट. खऱ्या शेचा ताशी आठ किलोमीटरचा वेग धरला तर एवढाच वेळ लागतो. दिवसभर फास्ट लोकलमध्ये एका पायावर उभं राहिलेल्या माणसाला ते पाऊण मिनिट किती लांब आणि किती गोड वाटतं, ते सांगता येत नाही. पिंप असलं तरी.

एका रविवारी बायको दिवाणावर बसून मटार सोलत होती. इंजिन चढलं, टोकाला थांबलं, सांधा बदलला, मागे मागे तळापर्यंत गेलं. तिने एक दाणा तोंडात टाकला.

‘अहो, हे वरचा अर्धा घाट उलटंच चढतं ना?’

‘हो. दिशा बदलतेय म्हणून.’

‘तेव्हा नाही बॉयलर फुटत?’

मी गप्प.

‘नाही, मी आपलं विचारतेय. आता खालचा अर्धा सुलटा आणि वरचा उलटा. इंजिन फिरवून ठेवलं तर खालचा उलटा आणि वरचा सुलटा. अर्धं ते अर्धंच की!’

मी मनात गाडी चढवून बघितली. मग बोटाने हवेत चढवून बघितली. मग दादर समजून माटुंग्याला उतरलेल्या माणसासारखा उभा राहिलो. दीड महिना, एक आरसा, देवाशी वैर, आणि आमटी.

इंजिन उचललं, फिरवलं, ठेवलं. बटण फिरवलं. आणि समोरून, हॉलच्या दिशेने, सगळे गिअर एकदम फिरायला लागले. आई चष्मा लावून अगदी जवळ आली. ‘हे टँकर नाही रे,’ ती म्हणाली, ‘हे तर मशीन आहे!’

मशीन म्हटल्यावर दसऱ्याला त्याची पूजा आलीच. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर बॉयलरवर हळदकुंकू, धुराड्याशी आपट्याचं पान, आणि सिलिंडरवर टेकवलेला एक झेंडू. त्या झेंडूचा घेर इंजिनाच्या हिशेबात पुरुषभर उंचीचा होता. मी काही बोलायच्या आत आईने ‘आता चालव’ म्हणून स्वतःच बटण फिरवलं.

फूल पडलं, पण दोन पाकळ्या आत गेल्या. एक मी चिमट्याने काढली. दुसरी तिसऱ्या गिअरमध्ये अजून आहे. दर फेरीला ती केशरी होऊन उजव्या बाजूला वर येते आणि परत खाली जाते. आई म्हणते, राहू दे.